लाकडी फ्लोअरिंग नवं असतानाच जपा: ओरखडे, पोचे आणि डाग टाळण्याची पायरीपायरीने माहिती

घरात लाकडी फ्लोअरिंग बसलं त्याच दिवशी मी सगळ्या खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या (दाबून बनवलेल्या जाड, मऊ कापडाच्या) चकत्या चिकटवल्या आणि निर्धास्त झाले. आठेक महिन्यांनी एका संध्याकाळी तिरपं ऊन खोलीत आलं आणि टेबलाभोवती बारीक चंद्रकोरी चमकायला लागल्या. खुर्ची मागे सरकते तेवढ्याच लांबीच्या, एकीवर एक. मी खुर्ची उलटी केली. चकती जागच्या जागी होती, पण तिच्यात टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक पांढरा खडा रुतून बसला होता आणि त्याला केस-धुळीचं वेटोळं पडलं होतं. जमीन वाचवायला लावलेल्या चकतीचा पॉलिश पेपर झाला होता.

फ्लोअरिंग कसं जपायचं याची माझी समजूत त्या खड्याने बदलली. खुर्चीचा पाय सहसा ओरखडत नाही, त्याच्याखाली अडकलेली कच ओरखडते. आणि रोजच्या वापरातले बहुतेक ओरखडे लाकडावरच्या पॉलिशच्या थरात असतात, लाकडापर्यंत पोचलेले नसतात. हा थर शाबूत ठेवला तर खालचं लाकूड अनेक वर्षं सुखरूप राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या थरासाठी आहेत.

१. आधी ओळख करून घ्या: लाकूड कुठलं, जाडी किती, वर काय लावलंय

घर नवं असो की जुनं, ही पायरी गाळू नका. साफसफाईचं द्रावण, दुरुस्तीची पद्धत, पुढे पॉलिशचा नवा हात देता येईल की नाही, सगळं यावर ठरतं.

लाकडाच्या टणकपणासाठी जांका नावाचा आकडा वापरतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते तो आकडा सांगतो. पौंडांत मोजलं तर अमेरिकन अक्रोड साधारण १,०१०, रेड ओक १,२९०, हार्ड मेपल १,४५० आणि हिकरी १,८२०. मात्र हा आकडा पोच्यांबद्दल बोलतो, ओरखड्यांबद्दल नाही. हिकरीवर जड वस्तू पडली तर अक्रोडापेक्षा पोचा कमी पडेल, पण वरचं पॉलिश दोन्हीकडे एकच असेल तर वाळूचा कण दोघांनाही सारखंच ओरखडणार. ‘आमचं लाकूड फार टणक आहे’ या भरवशावर राहणारे इथेच फसतात.

जाडीचं गणितही समजून घ्या. अखंड लाकडाची फळी बहुधा १८ ते २० मिलिमीटर जाड असते, पण फळ्या एकमेकींत अडकवायला कडेला जी खाच असते, तिच्या वरचा भाग तेवढा घासता येतो, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर. इंजिनिअर्ड फळीत खाली प्लायसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा असतो. तो अर्ध्या मिलिमीटरपासून ६ मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतो. यंत्राने एकदा पूर्ण सँडिंग केलं, म्हणजे जुना थर घासून खालचं लाकूड उघडं केलं, की अर्धा-एक मिलिमीटर लाकूड सहज जातं. पापुद्रा पातळ असेल तर तुमच्या फ्लोअरिंगला सँडिंगची संधी एकदाही नाही, हे आजच कळलेलं बरं. उंबऱ्याजवळची पट्टी उचलता येत असेल तर फळीची कड दिसते, तिथे मोजा.

वर काय लावलंय हे कागदपत्रांत मिळालं तर उत्तम. नसेल तर कपाटामागच्या एखाद्या कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब मण्यासारखा तसाच राहिला आणि पुसल्यावर काही खूण उरली नाही, तर वर पॉलियुरेथेनसारखा पक्का थर आहे. थेंबाखाली पांढुरका ठिपका उमटला तर बहुधा मेण आहे. पाणी हळूहळू मुरलं आणि लाकूड गडद झालं, तर एकतर तेलाचं फिनिश आहे किंवा थर झिजून संपला आहे. नखानेही अंदाज येतो. पक्क्या थरावर नख काचेवरून फिरवल्यासारखं जातं, तेलाच्या फिनिशवर लाकडाच्या रेषा नखाला लागतात.

जपून ठेवायचे कागद आणि वस्तू:

- फळ्यांच्या खोक्यावरचं लेबल किंवा त्याचा फोटो: लाकडाची जात, पापुद्र्याची जाडी, रंगाचा क्रमांक
- पॉलिशच्या डब्यावरचं नाव, ते चकचकीत, सॅटिन की मॅट, आणि शेवटचा हात कधी दिला ती तारीख
- वॉरंटीचा कागद. त्यात ‘काय वापरू नये’ ही यादी असते. वाफेचा मॉप वापरला तर वॉरंटी जाते, असं त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं
- उरलेल्या चार-सहा फळ्या. त्या घरातच आडव्या ठेवा. नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते

२. कच दाराबाहेर थांबवा

बूट-चपलांबरोबर घरात येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे. काच साडेपाचच्या आसपास येते. म्हणजे जो कण काचेला ओरखडतो तो तुमच्या पॉलिशवरून पायाखाली फिरत असतो. कारखान्यातून पॉलिश होऊन येणाऱ्या फळ्यांच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड मिसळलेली असते. ती ९ वर असल्यामुळे तो थर टिकाऊ असतो, पण ओरखडे त्यालाही पडतातच.

दोन पायपुसणी ठेवा. बाहेर खरखरीत, आत मऊ. बाहेरचं निदान दोन पावलं पडतील एवढं लांब असावं, कारण एका पावलात तळव्याची कच निघत नाही. दोन्ही दर आठवड्याला झटका. भरलेलं पायपुसणं कच धरत नाही, उलट सोडायला लागतं.

घरात बूट घालू नका, विशेषतः टाचांचे. ६० किलो वजनाच्या माणसाचा सगळा भार चालताना एका चौरस सेंटिमीटरच्या टाचेवर आला तर त्या चौरस सेंटिमीटरवर ६० किलोचा दाब पडतो. सपाट बूट तोच भार शंभरहून जास्त चौरस सेंटिमीटरवर पसरवतो. त्यातून टाचेची टोपी झिजून खिळा बाहेर आलेला असेल तर कुठलंच लाकूड तग धरत नाही.

३. झाडायचं कसं

वर्दळीच्या जागा रोज, बाकीच्या दोन-तीन दिवसांनी. मऊ केसांचा झाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप पुरतो. व्हॅक्युम क्लीनर असेल तर फिरणारा ब्रश बंद करा किंवा मऊ केसांचं तोंड लावा, आणि त्याची चाकं आधी बोटाने चाचपून पाहा. चाकात रुतलेला खडा सगळ्या घरभर एकच सरळ रेघ मारत जातो.

पुसण्याआधी झाडलंच पाहिजे. कच न काढता ओला मॉप फिरवणं म्हणजे ती कच पाण्यात कालवून घासणं.

४. फर्निचरचे पाय: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

माझ्या अनुभवातले तीन चतुर्थांश ओरखडे याच जागी पडले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चकती लावायच्या आधी पायाचा तळ पाहा. खिळ्याचं डोकं वर आलंय का, प्लास्टिकची जुनी टोपी तडकली आहे का, तळ तिरका आहे का? जुनी टोपी काढा, तळ पॉलिश पेपरने सपाट करा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या. धुळीवर किंवा जुन्या गोंदावर चिकटवलेली चकती आठवडाभरात सरकते, कडेने गोंद बाहेर येतो आणि त्या चिकट कडेला सगळी कच जमते. चिकटवल्यावर खुर्ची एक दिवस उलटी ठेवा, मग वापरायला घ्या.

चकती पायापेक्षा किंचित लहान असावी. मोठी असेल तर कड दुमडते आणि सोलून निघते. रोज सरकणाऱ्या खुर्च्यांना चिकटवायच्या चकतीपेक्षा स्क्रूने बसणारी फेल्टची टोपी कितीतरी चांगली. पायाला मधोमध बारीक भोक पाडून ती घट्ट बसवायची. स्क्रूचं डोकं फेल्टच्या आत खोल गेलं पाहिजे आणि फेल्ट झिजत आलं की टोपी बदलायची. हे विसरलात तर एक दिवस स्क्रूच जमिनीवर घासेल.

आता सगळ्यांकडून राहून जाणारं काम. महिन्यातून एकदा प्रत्येक खुर्ची उलटी करा. चकतीवरून बोट फिरवा. खरखर लागली तर जुन्या टूथब्रशने झाडा किंवा व्हॅक्युमच्या नळीने ओढून घ्या. फेल्ट दबून पुठ्ठ्यासारखं कडक झालं असेल तर बदला. मी हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी करते. सहा खुर्च्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि हे सुरू केल्यापासून टेबलाभोवती नवी चंद्रकोर उमटलेली नाही.

चाकांच्या खुर्चीला फेल्ट चालत नाही. तिची कडक प्लास्टिकची चाकं काढून मऊ पॉलियुरेथेनची चाकं लावा. बहुतेक चाकं नुसती ओढून निघतात, पण खरेदीआधी दांड्याची जाडी मोजा. खुर्चीखाली चटई घालायची असेल तर कडक जमिनीसाठी असलेली, सपाट पाठीची घ्या. गालिच्यासाठीच्या चटईच्या पाठीला टोकदार खुंट्या असतात. घाईत तीच उचलली जाते.

रबरापासून सावध राहा. दाराशी टाकलेलं रबरी पाठीचं पायपुसणं मी वर्षभराने उचललं, तर खाली त्याच्या जाळीचा पिवळसर ठसा होता, चौकटीन् चौकट मोजता येईल असा. रबरातली आणि मऊ व्हिनाइलमधली द्रव्यं काही पॉलिशांमध्ये उतरतात आणि रंग बदलतात. असा डाग पुसून जात नाही. गालिच्याखाली फेल्टचं अस्तर घ्या, किंवा ज्यावर लाकडी फ्लोअरिंगला चालतं असं स्पष्ट लिहिलंय तेच घ्या.

५. जड सामान हलवताना

नियम एकच: उचला, ओढू नका. कपाट आधी रिकामं करा, खण बाहेर काढा. दोन माणसांना उचलत नसेल तर पायांखाली सरकत्या चकत्या द्या. लाकडावर फेल्टच्या तोंडाच्या चालतात, गुळगुळीत प्लास्टिकच्या गालिच्यावर. चकती टाकायच्या आधी तिथली जमीन झाडा.

फ्रिज, वॉशिंग मशीन अशा चाकांच्या जड वस्तूंसाठी फेल्ट पुरत नाही. त्यांच्या वाटेवर हार्डबोर्डचे किंवा प्लायवूडचे पत्रे अंथरा. चाकं लहान आणि वजन मोठं, त्यामुळे उघड्या लाकडावर सलग खोलगट रेघ पडते. आणि ती पॉलिशमध्ये नसते, लाकडात असते. पत्र्यांखाली एकही खडा राहू देऊ नका. पत्रे एकमेकांना चिकटपट्टीने जोडा, जमिनीला नको. नव्या पॉलिशवर लावलेली चिकटपट्टी काढताना थरासकट निघू शकते. रंगकाम करायला येणारे कारागीर हे हमखास करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

६. पुसायचं: पाणी कमीत कमी

मायक्रोफायबरचं फडकं भिजवा आणि पिळा, मग पुन्हा पिळा. पुसल्यानंतर जमीन मिनिटभरात आपोआप कोरडी झाली तर ओल बरोबर. झाली नाही तर पाणी जास्त झालं. पाणी फळ्यांच्या सांध्यांतून आत जातं, लाकूड फुगतं आणि फळीच्या कडा मध्यापेक्षा वर येतात. हात आडवा फिरवला तर पन्हाळीसारखं लागतं. असं झालं तर घाईने सँडिंग करून घेऊ नका. ओल पूर्ण जाऊ द्या, त्याला काही आठवडे किंवा महिने लागतात. ओल्या फळीच्या वर आलेल्या कडा घासल्या, तर वाळल्यावर तीच फळी मध्ये फुगीर दिसते.

द्रावण पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असं) आणि लाकडी फ्लोअरिंगसाठीचं घ्या. हे मात्र नको:

- व्हिनेगर. आम्लामुळे चमक हळूहळू मरते, आणि ते पाण्यात मिसळून वापरतात म्हणजे पाणीही आलंच
- अमोनिया असलेली द्रावणं
- वाफेचा मॉप. गरम वाफ दाबाने सांध्यांत शिरते
- पॉलियुरेथेनवर मेण किंवा तेलकट साबण. चार दिवस चमक येते, मग चिकट पापुद्रा साठतो. खरं नुकसान पुढे होतं: त्यावर पॉलिशचा नवा हात धरत नाही

ओक असेल तर आणखी एक. ओकमध्ये टॅनिन नावाचं नैसर्गिक द्रव्य भरपूर असतं. टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की काळा डाग पडतो. ओकवर तारेची घासणी वापरू नका, तिचे तुटलेले धागे रेषांत अडकून ओल लागताच काळे ठिपके देतात. लोखंडी स्टँडची कुंडीही थेट ठेवू नका. खरं तर कुठलीच कुंडी थेट नको. खाली ताटली असली तरी तिच्या तळाशी दमटपणा साठतो. पायांच्या स्टँडवर ठेवली की खालून हवा खेळते.

७. हवा आणि ऊन

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. ३० ते ५० टक्के आर्द्रता बहुतेक फ्लोअरिंगला मानवते. एक साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावा. आकडा नेमका गाठण्यापेक्षा त्यातले मोठे चढ-उतार टाळणं महत्त्वाचं. कोरड्या दिवसांत पडलेल्या बारीक फटी लगेच भरू नका, हवा बदलली की त्यातल्या बऱ्याच मिटतात. भरलेला मसाला मग बाहेर ढकलला जातो.

उन्हाने चेरीचं लाकूड गडद होतं, अक्रोड फिकटतं. गालिचा वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला तर त्याखाली वेगळ्याच रंगाचा चौकोन तयार होतो. दर दोन-तीन महिन्यांनी गालिचा थोडा सरकवा.

८. ओरखडा पडलाच तर

नख आडवं फिरवा. अडकलं नाही, तर ओरखडा पॉलिशच्या थरात आहे. अशा ओरखड्यांना एकेकटं काही करू नका, नवव्या पायरीत ते एकदम जातात.

नख अडकलं किंवा आतला रंग उघडा पडला, तर मेणाची रंगीत कांडी किंवा टच-अप पेन वापरा. रंग निवडताना एक छटा फिकटच घ्या. गडद रंग एकदा मुरला की परत येत नाही आणि ओरखड्यापेक्षा तोच आधी दिसतो. पेन थेट जमिनीवर टेकवू नका. फडक्याच्या टोकाला रंग लावून रेषेच्या दिशेने भरा आणि आजूबाजूचं लगेच पुसा.

तेलाच्या फिनिशवर दुरुस्ती सोपी असते. बारीक घासणीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकं घासायचं, धूळ काढायची, त्याच तेलाचा चिमूटभर हात द्यायचा आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. पण ते फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका! जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेताना तापतात. गोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. फडकं बाहेर, एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. दुरुस्तीचं सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

पोच्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. वाफेने दबलेले तंतू फुगतात हे खरं, पण ते उघड्या लाकडावर. पॉलियुरेथेनचा थर शाबूत असेल तर वाफ आत जात नाही, उलट थर पांढरा पडू शकतो. लहान पोचा राहू द्या.

९. पॉलिशचा नवा हात वेळेवर द्या

थर पूर्ण झिजायच्या आधी, नुसता वरचा पृष्ठभाग जाळीच्या पॉलिश पेपरने हलका घासून त्यावर नवा हात देता येतो. यात लाकूड अजिबात जात नाही, वेळ आणि धूळ दोन्ही पूर्ण सँडिंगपेक्षा कितीतरी कमी. घरातल्या वर्दळीनुसार तीन ते पाच वर्षांनी हे करावं लागतं.

वेळ झाली का, ते दार, बेसिन आणि सोफ्यासमोर पाहा. पहिल्या पायरीतला पाण्याचा थेंब तिथे टाका. मणी टिकला तर अजून अवकाश आहे. थेंब मुरून लाकूड गडद झालं तर तो हात लगेच द्या. फळ्या करड्या दिसायला लागल्या असतील तर पाणी लाकडात गेलेलं आहे, मग सँडिंगशिवाय गत्यंतर नाही.

कारागिराला तीन गोष्टी सांगा: आधी कोणतं पॉलिश आहे, वर कधी मेण किंवा चमकवायचं द्रव्य लावलं होतं का, आणि कपाटाखाली एक हात लांबीचा तुकडा आधी करून पाहायचा. तो वाळल्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. नवा थर निघून आला तर काम तिथेच थांबवा आणि जमीन आधी नीट साफ करून घ्या. कामाआधी मला कोणी ही चाचणी सांगितली नव्हती, आणि पायपुसण्याच्या जागेवरचा नवा थर चार महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटला.

नवा हात दिल्यावर पायमोजे घालून सहसा दुसऱ्या दिवशी चालता येतं आणि सामान दोन-तीन दिवसांनी ठेवता येतं, पण नेमके तास डब्यावर वाचा. वरून वाळलेला थर आत अजून पक्का होत असतो. पाण्यावर आधारलेल्या पॉलिशला एक-दोन आठवडे, तेलावर आधारलेल्या पॉलिशला महिनाभर लागू शकतो. तोवर गालिचा गुंडाळून उभा ठेवा, आणि खुर्च्या आत आणायच्या आधी त्यांच्या चकत्या नव्या लावा.